खरकट्या ताटांचा हिशोब

तुमची नावं मला नंतर कळतात, पोरींनो,
आधी ताटं कळतात.
चतकोर भाकर टाकून उठणारी पालमची,
भात नुसता चिवडत बसणारी जिंतूरची,
आणि ती सोनपेठची गंगासागर,
जी ताटच घेत नाही.
"मावशी, आज सोमवार."
"मावशी, आज गुरुवार."
"मावशी, आज चतुर्थी."
मी म्हणलं, बाई, तुह्या पंचांगात
जेवायचा वार कोणता?

हसली.
पिवळं हसू. करडईच्या फुलावानी म्हणलं असतं,
पण करडईला काटे तरी असतात.

वसमत रोडच्या या होस्टेलात
अकरा वर्षं झाली मला पीठ मळत.
शिंप्याची एक टेप सात नंबरातून नऊ नंबरात फिरती,
कंबर मोजायला,
झाडणारी कस्तुराबाई सांगत होती.
मोबाइलात कुणी बाई हाय म्हणे, ती शिकवती,
सकाळी कोमट पाणी, दुपारी काकडी,
रात्री काही नाही.
रात्री काही नाही, हे तर मही मायबी करायची
बाहत्तर सालात.
तेव्हा त्याला डाएट म्हणत नव्हते.

गंगासागरला पोलीस व्हायचंय.
पहाटे पाचला ग्राउंडवर, आठशे मीटर,
पोटात कपभर चहा.
त्या दिवशी दुसऱ्या राउंडला पडली.
उजेड एवढा माझ्या सैपाकघरात होता,
म्हणून इथंच आणली उचलून.
उचलताना तिघी होत्या. एकीनं भागलं असतं.
गूळ-शेंगदाणे हातावर ठेवले,
तर म्हणती, मावशी, यात किती कॅलरी असतात?
मला राग आला. मग रडू आलं.
मग दूध उतू गेलं, तिकडं पळाले.

पुढच्या बुधवारी सिव्हिलच्या नर्सबाई आल्या.
एकेकीचं बोट टोचलं.
गंगासागरच्या कागदावर सात पॉइंट आठ.
नर्सबाई बोलत होत्या, पोरी मोबाइल बघत होत्या,
ऐकलं मी एकटीनं.
म्हणून मह्या भाषेत सांगते.

जेवल्या-जेवल्या चहा म्हणजे
पेरलेलं बी मागून कोंबड्यांनी टिपलेलं.
तास-दीड तास दम धरा.
पालेभाजीवर लिंबू पिळा, फोड तशीच परत पाठवू नका,
मी ती मोजून कापते.
मटकीला मोड आलेले दिसत नाहीत का? खा.
गोळी घेतली की संडास काळी होते,
घाबरून गोळी खिडकीतून टाकू नका,
खालची तुळस काही तुमच्याइतकी फिकट नाही.
पाळीत लई जात असेल तर बोला.
सरांना नका सांगू, मला सांगा,
मी दवाखान्यात संगं येते.
पळा. खुशाल पळा.
पण रिकाम्या गाडीला ढकलून
किती लांब नेणार?

एवढं झाल्यावर नर्सबाई म्हणल्या,
मावशी, तुमचं बोट द्या.
मी म्हणलं, माझं काय बघता, मी तर रांधणारी.
सहा पॉइंट नऊ.
सगळ्या पोरींनी मोबाइल खाली केले.

मीबी हसले. कसं दिसलं असेल, मला ठाव हाय.

काय सांगू?
साठ ताटं उठेस्तोवर भूक मरून जाती.
उरलं तर खाते. नाही उरलं तर
आधण ठेवते, दोन घोट चहा, झोप.
वार-बिर काही नसतो त्याला.

काल रात्री साडेनऊला
मोरीत वाकून पातेली घासत होते.
मागं कुणीतरी उभं.
ताटात दोन भाकरी, मीच थापलेल्या, आता वातड,
चिवळीची भाजी, लिंबाची फोड.
दुसऱ्या हातात तिचं स्वतःचं ताट.

"मावशी," गंगासागर म्हणली,
"आज कोणता वार?"

मला खरंच आठवंना.
ओले हात लुगड्याला पुसले,
आणि गॅसवरचं आधण
खाली उतरवून ठेवलं.